'रोर्क्स ड्रिफ्ट'मधला ड्रिफ्ट आणि 'क्वाजिमू'मधला जिम

प्रश्न असा आहे: १८७९च्या झुलू युद्धावरच्या (दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि झुलू यांच्यात झालेल्या) लेखाचा अनुवाद करताना 'रोर्क्स ड्रिफ्ट'चं 'रोर्कचा प्रवाह' केलं तर चालेल का? आणि मूळ लेखात मधेच 'क्वाजिमू' येतं, ते वेगळं गाव का?

गाव एकच. पण 'प्रवाह' नको. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वसाहतवाल्यांच्या बोलीत ड्रिफ्ट म्हणजे नदीत पाणी उथळ असलेली, गाड्या-गुरं घालून पार होता येईल अशी जागा. यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: उतार. 'पूर आलाय, नदीला उतार नाही' असं म्हणतात ना, तोच. आता बहुतेकांना उतार म्हटलं की घाटातला रस्ता आठवतो, म्हणून पहिल्यांदा 'नदीचा उतार' असं लिहा, मग नुसतं 'रोर्कचा उतार' पुरे.

हा जेम्स रोर्क व्यापारी होता. १८४९मध्ये त्यानं बफेलो नदीच्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीकडच्या काठावर घर आणि दुकान थाटलं. पलीकडचा काठ झुलू राज्याचा. दुकानात येणारे झुलू त्याला आडनावानं कशाला ओळखतील? जेम्सचा जिम झाला, आणि झुलूत शब्द स्वरावर संपतो म्हणून जिमचा जिमू. त्याआधी 'क्वा' लागला की झालं 'जिमकडे'. 'जरा पाटलांकडे जाऊन येतो' म्हणताना जे 'कडे' येतं, अगदी तेच.

हा 'क्वा' माणसांच्या आणि कुळांच्या नावांना लागतो. क्वाझुलू म्हणजे झुलू नावाच्या मूळपुरुषाच्या वंशाचं ठिकाण. डरबनजवळच्या क्वामाशूमधला 'माशू' म्हणजे साखरसम्राट मार्शल कॅम्पबेल! साध्या नामांची तऱ्हा वेगळी: 'इथेकू' म्हणजे खाडी, उपसागर, त्याचं 'एथेक्विनी' झालं की ते डरबन शहर.

म्हणजे या नावांच्या पोटात विभक्ती आधीच आहे. 'क्वाजिमूमध्ये' लिहिणं हे काटेकोरपणे बघितलं तर 'जिमकडेमध्ये' होतं. पण त्याला इलाज नाही. मराठीत प्रत्यय लावल्याशिवाय वाक्य चालायचं नाही, तेव्हा 'क्वाजिमूला' बेलाशक लिहा.

मला यात गंमत वाटते ती पुढची. रोर्क १८७५मध्ये वारला. १८७८मध्ये जागा स्वीडिश मिशनकडे गेली. ओटो विट हा मिशनरी तिथं राहायला आला आणि मागच्या टेकडीला स्वीडनच्या ऑस्कर राजाचं नाव दिलं गेलं, ऑस्करबर्ग. झुलू तिला शियाने म्हणत, म्हणजे भुवई. २२ जानेवारी १८७९ला लढाई पेटली तेव्हा रोर्कचं घर ब्रिटिशांचं इस्पितळ झालेलं होतं, दुकानाची जागा रसदेचं कोठार. या लढाईसाठी ११ व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनची सर्वोच्च शौर्यपदकं, दिले गेले आणि रोर्कचं नाव जगभर गेलं. रोर्क मात्र तोवर तीन वर्षांहून जास्त काळ मातीखाली. इंग्रजांनी त्याचं आडनाव नदीच्या उताराला चिकटवलं, झुलूंनी पाळण्यातलं नाव घराला. जागा विकली गेली तरी दोन्ही तशीच राहिली.

नदीचंही तसंच. 'बफेलो' हे झुलू नावाचं भाषांतर. मूळ नाव उम्झिन्याथी, त्यात 'इन्याथी' म्हणजे रानरेडा. तुमच्या लेखात ब्रिटिश शिपाई बोलत असेल तिथं 'रोर्क्स ड्रिफ्ट' राहू द्या; झुलू योद्ध्याच्या तोंडी 'क्वाजिमू'च हवं.