नव्या चीअरलीडिंग प्रशिक्षकासाठी : गणवेशाचा नियम मापाच्या वेळीच पाळा

अमेरिकेतील शालेय चीअरलीडिंगमध्ये एनएफएचएसचा (तिथल्या माध्यमिक शाळांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचा) नियम असा आहे की, खेळाडू सावधान स्थितीत उभी असताना तिचे पोट कपड्याने झाकलेले असले पाहिजे. मात्र तेवढ्यावर समाधान मानू नका; मापाचा नमुना अंगावर चढवल्यावर प्रत्येक मुलीला दोन्ही हात डोक्यावर ताठ करायला आणि पाय उंच फेकायला सांगा, कारण वर सरकणारा टॉप आणि अपुरी स्कर्टखालची चड्डी तेव्हाच लक्षात येते. वाढत्या वयाच्या मुलींसाठी शिवणीत थोडा वाव ठेवायला सांगा. दागिने चालत नाहीत, हे पालकांना लेखी कळवा. नियम मोडला गेला, तर मुलीला संघासमोर कधीही बोलू नका. पालकांशी स्वतंत्रपणे बोला, कारण गणवेशाची निवड तिची नसून आपली असते.