बायपासनंतर पुन्हा हृदयाचं ऑपरेशन: धोका आधी कळतो का?

वडिलांचा बायपास जुना, आता परळच्या हॉस्पिटलात हृदयाची झडप बदलायला सांगितलीय, म्हणून या दुसऱ्या ऑपरेशनचा धोका आधी कळतो का, असं विचारताय ना? अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. ‘युरोस्कोर २’ हे हृदयाच्या ऑपरेशनचा धोका मोजायचं सूत्र. ते वय, किडनी, हृदयाची पंपिंग क्षमता, ऑपरेशनची तातडी, आधीची हृदयशस्त्रक्रिया धरून मृत्यूचा धोका टक्क्यांत सांगतं. पण हृदय छातीच्या हाडाला किती चिकटलंय, चालू असलेली जुनी ग्राफ्ट (बायपासमध्ये जोडलेली रक्तवाहिनी) हाडामागून कुठून जाते, हे त्यात येतच नाही. आणि खरी काळजी तिथेच, कारण हाड पुन्हा कापतानाच इजा होऊ शकते. म्हणून छातीचा सीटी स्कॅन पाहिलाय का, हे सर्जनना नक्की विचारा. पहिल्या ऑपरेशनचे कागद काहीही करून मिळवा. झडप महाधमनीची असेल, तर छाती न उघडता ‘टावी’ (रक्तवाहिनीतून नळीने नवी झडप बसवणं) जमेल का, तेही विचारा.