मिरासदाराचा भोगवटादार कधी झाला?

प्रश्न असा आहे : घरच्या जुन्या कागदांत पूर्वजांना 'मिरासदार' म्हटलंय, सातबाऱ्यावर मात्र 'भोगवटादार'. म्हणजे मधल्या काळात घराण्याची मालकी गेली का?

निव्वळ या शब्दबदलावरून तसं म्हणता येत नाही. बदलली ती जमीन मोजण्याची आणि मानण्याची रीत.

मिरास म्हणजे वारसा. शब्द मूळचा अरबी. मराठेशाहीत मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची असे. त्याला थळकरीही म्हणत. दुष्काळात परागंदा झालेला मिरासदार वर्षांनी परतला, तरी आपलं शेत मागू शके. गावाच्या मानपानात त्याला जागा होती, आणि त्याच्या हक्काला गावाचीच साक्ष लागे. बाहेरून येऊन ठरल्या मुदतीच्या कौलाने, म्हणजे कराराने, कसणारा तो उपरी. पूर्वज उपरी निघाले तर वाईट वाटून घेऊ नका. ओसाड पडलेल्या कितीतरी जमिनी या लोकांनीच पुन्हा लागवडीला आणल्या.

पेशवाई १८१८ मध्ये संपली. पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, साऱ्याचा आकार ३० वर्षांसाठी ठरला आणि सारा भरणाऱ्याच्या नावे खातं झालं. तो मिरासदार की उपरी, हे सरकारला विचारायचंच नव्हतं. उपऱ्याला यातून स्थैर्य मिळालं, हे मान्य करायला हवं. पण हक्क गहाण टाकणं, विकणं सोपं झालं आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांनी जमिनी सावकारांकडे जाऊ लागल्या. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, त्यामागे हीच चीड होती.

'भोगवटा' हा शब्द मात्र इंग्रजांनी घडवलेला नाही. वतनाच्या, म्हणजे गावच्या सेवेबद्दल मिळालेल्या वंशपरंपरेच्या हक्काच्या, जुन्या तंट्यांत भोगवटा, म्हणजे प्रत्यक्ष उपभोग, हा पुरावा धरत. महसूल कायद्याने त्याच शब्दावर खातेदाराचा दर्जा बसवला.

आता तुमच्या उताऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, ते बघा. वर्ग २ ची जमीन सहसा सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. तसं असेल तर ती पूर्वी वतनाची किंवा इनामाची होती का, हे तपासा. महार वतनासारखी गावकामगारांची वतनं १९५८ च्या कायद्याने रद्द झाली आणि बऱ्याच जमिनी नव्या अटींवर परत दिल्या गेल्या. सातबाऱ्यावरचे फेरफार (हक्कातल्या बदलांच्या नोंदी) क्रमांक टिपून ते फेरफार तलाठी किंवा तहसील कार्यालयातून काढा. वारसनोंदीत कोण कधी वारलं आणि मागे कोण राहिलं, ते नावानिशी सापडतं.