बंद वायनरीची जमीन तपासताना

भाऊ, साक्रीकडच्या त्या बंद वायनरीत लगेच ड्रिल लावू नको. आधी जुने कामगार गाठ. टाक्या धुतलेलं पाणी कुठं सोडायचे, डिझेलची टाकी कुठं पुरली, हे त्यांनाच ठाऊक. त्या सांडपाण्यातली साखर नि अल्कोहोल कुजताना जमिनीतला ऑक्सिजन संपतो, मग मातीतलंच लोह आणि मँगनीज विरघळून विहिरीत उतरतं. उताराकडच्या विहिरींत हे दोन्ही तपासच. शेजारची माणसं तेच पाणी पितात. द्राक्षांची बाग असेल तर मातीच्या वरच्या थरात, फवारलेल्या मोरचुदाचं तांबं साठलेलं असू शकतं. फवारणीचं द्रावण कालवायचे तिथला नमुना वेगळाच ठेव, इतरांत मिसळलास तर आकडा फसवा येईल. खाली बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या खडकाच्या, भेगा आहेत, पावसाचं पाणी त्यांतून झिरपतं, म्हणून पाण्याचे नमुने पावसाळ्याआधी आणि नंतरही घे.