डॉक्टर की इंजिनिअर? स्मार्ट चष्म्यांच्या निमित्ताने

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. मुलीला गणित आणि कोडिंग आवडतं, सर्जन ऑपरेशनच्या वेळी घालतात त्या स्मार्ट चष्म्यांवर तिला काम करायचंय. तुम्ही मात्र म्हणता, ‘गूगलने असा चष्मा बंद केला, मग यात भविष्य काय? त्यापेक्षा तिने सरळ डॉक्टर व्हावं.’

गूगल ग्लासची विक्री मार्च 2023 मध्ये थांबली, हे खरंच आहे. मायक्रोसॉफ्टनेही 2024 मध्ये होलोलेन्स 2 या आपल्या स्मार्ट चष्म्याचं उत्पादन बंद केलं. त्यामुळे कुठल्याही एका उपकरणाच्या भरवशावर तिने करिअर ठरवू नये. पण काम संपलेलं नाही. मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी एक्सव्हिजन या डोक्यावर घालायच्या यंत्रणेला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) डिसेंबर 2019 मध्ये परवानगी दिली. तिच्यात सर्जनला सीटी स्कॅनमधला मणका रुग्णाच्या पाठीवर, जागच्या जागी दिसतो.

खरी मेहनत या ‘जागच्या जागी’मध्ये आहे. रुग्णाचा श्वास चालू असतो, सर्जनची मान हलत असते. मणक्यात स्क्रू बसवताना मज्जारज्जू अगदी शेजारी असतो, तेव्हा चित्र दोन-तीन मिलिमीटर सरकलं तरी महागात पडू शकतं. शिवाय होलोलेन्समध्ये आभासी चित्राचा फोकस साधारण 2 मीटरवर ठरलेला, आणि सर्जनचं काम हातभर अंतरावर. डोळ्यांना दोन्ही एकदम स्पष्ट दिसत नाही, ताण येतो. हे प्रश्न गणिताचे, ऑप्टिक्सचे (प्रकाशशास्त्राचे), कॉम्प्युटर व्हिजनचे, म्हणजे कॉम्प्युटरला चित्रं ‘बघायला’ शिकवण्याचे आहेत. थोडक्यात, तुमच्या मुलीच्या आवडीचेच.

म्हणून माझं स्पष्ट मत: तिला इंजिनिअरिंगला जाऊ द्या. पदवी कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सची घ्यावी, बायोमेडिकल पुढे पदव्युत्तरला. पाया रुंद असला की उपकरणं बदलली तरी अडत नाही. सर्जन व्हायला दहा-बारा वर्षं सहज जातात. रुग्ण तपासण्याची ओढ नसताना तिला त्या वाटेला लावणं मला तरी अन्यायाचं वाटतं. पत्रात अशा ओढीचा उल्लेख कुठेच नाही.

तोवर सुट्टीत तिला ‘थ्रीडी स्लायसर’ हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सांगा. त्यात नमुन्याचे स्कॅन मिळतात. छातीच्या सीटीमधून फासळ्या वेगळ्या काढून त्यांचं त्रिमितीय मॉडेल तिने स्वतः करावं. काम किचकट आहे, कडा धूसर येतात, पुन्हा पुन्हा दुरुस्त कराव्या लागतात. त्यात तिचं मन रमतंय की नाही ते बघा आणि मला कळवा. कॉलेज आणि शाखा त्यानंतर ठरवू.