विंडोज नाही, फ्लॉपी नाही, सीडी ड्राइव्हपण नाही, थिंकपॅड एक्स220 वर नुसतं लिनक्स आहे, मग बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) कसं अपडेट करू?

होतं की, मी माझ्या एक्स220 वर स्वतः केलंय, त्यासाठी विंडोज टाकत बसू नका प्लीज. नवीन लॅपटॉप असता तर एफडब्ल्यूअपडी (लिनक्समधूनच बायोस वगैरे अपडेट करणारं टूल) वापरा म्हणालो असतो, टर्मिनलमधूनच सगळं होतं, पण त्यात लेनोवो 2018 ला आली आणि हे मशीन 2011चं, त्यामुळे तो रस्ता बंद.

लेनोवोच्या सपोर्ट पेजवर बायोसची दोन डाउनलोड असतात, एक विंडोजची ईएक्सई आणि एक बूटेबल सीडीची आयएसओ (म्हणजे अख्ख्या सीडीची एक फाइल), तुम्हाला आयएसओ पाहिजे. आता इथेच बहुतेक जण अडकतात, मीपण पूर्ण संध्याकाळ घालवली, आयएसओ सरळ पेनड्राइव्हवर लिहिली तर बूटच होत नाही. कारण उबुंटूची आयएसओ पेनड्राइव्हवरून चालेल अशी मुद्दाम बनवलेली असते, ही तशी नसते. हिच्या पोटात एका छोट्या हार्ड डिस्कची इमेज असते, सीडीवरून बूट करताना मशीन तिलाच हार्ड डिस्क समजून चालवतं, म्हणून ती इमेज बाहेर काढायची आणि फक्त तेवढीच पेनड्राइव्हवर लिहायची. काढायला गेटएलटोरिटो नावाची छोटी स्क्रिप्ट आहे, डेबियन-उबुंटूत जेनआयएसओइमेज पॅकेज टाकलं की येते.

लिहायला डीडी ही कमांड. पण आधी एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवून पेनड्राइव्ह एसडीबी आहे की एसडीसी ते दोनदा बघा, चुकून एसडीए (बहुतेक वेळा लॅपटॉपचीच डिस्क) दिलंत तर अख्खी हार्ड डिस्क जाईल, आणि पेनड्राइव्हवरचं पण सगळं पुसलं जातं म्हणून रिकामाच घ्या.

मग रीस्टार्ट करून एफ12 दाबा, पेनड्राइव्ह निवडा, मेनूत अपडेट सिस्टिम प्रोग्रॅम घ्या, मॉडेल नंबर बदलायचा ऑप्शन दिसेल त्याला हात लावू नका. बूट नाहीच झालं तर बायोसच्या स्टार्टअपमध्ये यूईएफआय आणि लेगसी (बूट करायची नवी आणि जुनी पद्धत) दोन्ही चालू आहेत का बघा.

आणि हे मनापासून सांगतोय, चार्जर लावलेला हवाच आणि बॅटरीपण चांगली चार्ज झालेली हवी, अर्ध्यात लाईट गेली आणि बॅटरी मेलेली असली तर बोर्ड जाऊ शकतो. जुनी बॅटरी दहा मिनिटं पण टिकत नसेल तर आधी कुणाकडून तरी चांगली मागून आणा, तोवर थांबा.

एलएसबीएलकेचं आउटपुट कळलं नाही तर इथे टाका, मी बघून सांगतो.