सटवी : कपाळावरची आणि शिवीतली

‘सटवीने कपाळी लिहिले ते टळत नाही’ या वाक्यातली सटवी आणि भांडखोर, कावेबाज बाईला हिणवताना म्हणतात ती सटवी, हे शब्द एकच की वेगळे, असा प्रश्न आहे. शब्द एकच आहे. संस्कृत ‘षष्ठी’चे मराठीत ‘सट’ झाले (चंपाषष्ठीला आजही सट म्हणतात) आणि जन्मानंतरच्या सहाव्या दिवसाची देवता ती सटवी ठरली. बंगालातली षष्ठी आणि उत्तरेकडची छठी मैया या तिच्याच बहिणी.

पाचवीच्या किंवा सहावीच्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा पुजतात, जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, दिवा विझू देत नाहीत. त्या रात्री सटवी येऊन बाळाचे भविष्य लिहून जाते, अशी समजूत आहे. बाळ झोपेत हसले तरी सटवाई हसवते म्हणतात. हेच दिवस का निवडले गेले असावेत, याचे मला पटणारे उत्तर धनुर्वातात आहे. अस्वच्छ हत्याराने नाळ कापली गेली, तर बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस बाळ दूध ओढेनासे होई, त्याचा जबडा आवळला जाई आणि ते दगावे. भारतातून नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे 2015 मध्ये जाहीर झाले. त्यापूर्वीच्या कित्येक पिढ्यांपुढे कारण न कळणारे मरण होते आणि ‘सटवीने तेवढेच लिहिले होते’ या वाक्यामुळे त्या मरणाला निदान कर्ता तरी मिळत होता, शिवाय दोष आईच्या माथी येत नव्हता.

लिहिणारी आणि नेणारी एकच, म्हणून तिची भीतीही वाटे आणि तिला नवसही बोलला जाई. नवसाने झालेल्या मुलाचे नाव सटवा किंवा सटवाजी ठेवत. भीतीच्या बाजूने तोच शब्द शिवीत उतरला. ‘भवानी’ आणि ‘महामाया’ यांचेही बोलण्यात असेच झाले आहे. (देवांपैकी ही पाळी म्हसोबासारख्या मोजक्यांवरच आलेली दिसते, हे नोंदवण्याजोगे आहे.) मात्र शिवी देताना बहुधा ‘सटवी’ किंवा ‘सटवे’ म्हणतात, नवस बोलताना ‘आई’ जोडून ‘सटवाई’ म्हणतात.

महाभारताच्या वनपर्वात षष्ठी हे स्कंदाची पत्नी देवसेना हिचे नाव म्हणून येते. मराठीत मात्र यथातथा जुळलेल्या जोडीला उद्देशून ‘सटवाईला नाही नवरा आणि म्हसोबाला नाही बायको’ म्हणतात. ग्रंथांनी तिचे लग्न लावले असले, तरी लोकांनी ते मानलेले दिसत नाही.